साडेतीन टक्के

नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये कापूस मिळत नाही. पहाटे तिथं मेथीच्या जुड्या, वांगी, सांबाराचे (म्हणजे कोथिंबिरीचे) ढीग उतरतात, हातगाड्यांची गर्दी होते आणि ऊन वर आलं की रस्त्यावर पालापाचोळा तेवढा उरतो. मागच्या हिवाळ्यात लेकीला घेऊन भाजीला गेलो होतो. पिशवी धरून चालता चालता तिनं विचारलं, "बाबा, इथं तर सगळी भाजीच भेटते. मग कॉटन मार्केट कशाला म्हणतात?"

"पहिले इथं कापसाच्या बैलबंड्या यायच्या."

"मग तो कापूस कुठं जायचा?"

"रेल्वेनं मुंबईला. तिथून जहाजानं विलायतेला."

"आणि कपडे?"

"बरेचसे तिकडूनच यायचे."

ती थांबलीच. "म्हणजे कापूस आपला आणि कपडे विकत त्यांच्याकडून? असं कोण करते?"

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपणहून असं कोणीच करत नाही. हे होत राहावं म्हणून कायदे करावे लागले, आणि ते दोनशे-अडीचशे वर्षं पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागले. तोफा आणि पलटणी इतिहासाच्या पुस्तकात दिसतात. जकातीचं कोष्टक कोणी उघडून पाहत नाही. पण माझ्या मते इंग्रजी साम्राज्य समजून घ्यायचं असेल तर ते कोष्टकच आधी उघडावं. म्हणून हा लेख.

आधी साधा हिशोब, आपल्याच भागातला. समजा, उद्या असा हुकूम निघाला की काटोलच्या शेतकऱ्यानं संत्री फक्त नागपूरच्या व्यापाऱ्याच्या ट्रकमध्येच भरायची. दुसरा हुकूम, तो माल नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातच उतरवायचा. पुढे दिल्लीला जायचा असला तरी आधी कळमना. तिसरा हुकूम, काटोलमध्ये रस काढायचा कारखाना टाकायचा नाही. चौथा, काटोलकरांना बाटलीतला रस प्यायचा असेल तर तो नागपूरहूनच घ्यायचा. यात कोणी कोणाला मारलं नाही, कोणाची जमीन घेतली नाही. तरी पाचपन्नास वर्षांत काटोलचं काय होईल आणि नागपूरचं काय होईल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

इंग्लंडनं आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींना नेमके हेच चार हुकूम लावले होते. १६५१ चा नौकानयन कायदा पहिला: आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतला माल इंग्लंडमध्ये यायचा तर इंग्रजांच्याच जहाजातून. १६६० मध्ये त्यात एक यादी जोडली. साखर, तंबाखू, कापूस, नीळ अशा जिनसा वसाहतींनी इंग्लंडला किंवा दुसऱ्या इंग्रजी वसाहतीलाच पाठवायच्या, इतर कोणाला नाही. १६६३ मध्ये उलट बाजूही बंद केली: युरोपातला माल वसाहतीत न्यायचा तर तो आधी इंग्लंडच्या बंदरात उतरायला हवा. तिथं जकात, तिथं हमाली, तिथं दलाली. कळमनाच तो.

कारखान्याचा हुकूमही होता. १७३२ च्या कायद्यानं अमेरिकेत बनलेल्या हॅट शेजारच्या वसाहतीतसुद्धा विकायला बंदी आली. एका कारागिरानं दोनाहून जास्त शिकाऊ मुलं ठेवायची नाहीत, असंही त्यात घातलं. १७५० चा लोखंडाचा कायदा तर नमुनाच आहे. वसाहतीतलं कच्चं लोखंड इंग्लंडला जाताना जकात माफ, मात्र वसाहतीत पोलादाची नवी भट्टी टाकायला मनाई. कच्च्या मालाला मोकळी वाट आणि पक्क्या मालाला कुलूप. पुढे हिंदुस्थानात जे झालं त्याची मांडणी या एका कायद्यात आयती सापडते. आयर्लंडला तर हे आणखी आधी भोगावं लागलं. १६९९ मध्ये तिथल्या लोकरी कापडाची परदेशातली विक्रीच बंद केली गेली.

अमेरिकेची गोष्ट बोस्टनच्या चहापाशी येते, आणि तिथली एक बारीक गोष्ट शाळेत राहून जाते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री जो चहा समुद्रात फेकला तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि त्या वर्षीच्या कायद्यामुळे तो आधीपेक्षा स्वस्त पडणार होता. लोकांनी स्वस्त चहा बुडवला. कर किती, यापेक्षा तो ठरवताना आम्हाला विचारलं का, हा त्यांचा सवाल होता. हा सवाल लक्षात ठेवा, नागपूरला त्याची गरज पडणार आहे.

आता कापडाकडे येऊ. हिंदुस्थानच्या बाबतीत गोष्ट उलट्या टोकानं सुरू होते, कारण सुरुवातीला घाबरलेले ते होते. सतराव्या शतकात इथलं छापील सुती कापड लंडनमध्ये इतकं खपू लागलं की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे रस्त्यावर आले. १७०० मध्ये इंग्लंडनं आशियातल्या छापील कापडाची आयात बंद केली. १७२१ मध्ये आणखी कडक कायदा झाला आणि असं छापील सुती कापड अंगावर घालण्यालाही मनाई झाली. त्या बंद दाराआड त्यांचा सुती धंदा वाढला, मग यंत्रं आली, गिरण्या आल्या. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानातल्या व्यापाराची मक्तेदारी काढली गेली आणि मॅंचेस्टरच्या कापडाला इथलं दार उघडलं. त्या सुमारास हिंदुस्थानी कापडाच्या काही प्रकारांवर इंग्लंडमध्ये किमतीच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत जकात होती. त्यांच्या कापडावर इकडे होती अडीच ते साडेतीन टक्के.

ज्यांनी भिंतीआड आपला धंदा पोसला, त्यांनीच तो पोसून झाल्यावर जगाला खुल्या व्यापाराचे धडे दिले. नौकानयन कायदे त्यांनी १८४९ मध्ये रद्द केले, कारण तोवर त्यांना त्यांची गरज उरली नव्हती.

एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगायला हवी. हातमाग मागं पडला तो निव्वळ जकातीमुळे नाही. वाफेवरच्या चातीसमोर चरखा टिकणं कोणत्याही देशात अवघड होतं. इंग्लंडचे स्वतःचे हातमागवालेही त्यात भरडले गेले. फरक एवढाच की तिथं हातमाग गेला तेव्हा शेजारी गिरणी उभी होती. इथं गिरणी उभी राहायला पन्नास वर्षं लागली, आणि उभी राहिल्यावर तिचं काय केलं तेच सांगायचं आहे.

नागपूर या गोष्टीत कापसामुळेच आलं. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता, दत्तक मान्य झाला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. भोसल्यांच्या वाड्यातल्या जडजवाहिराचा लिलाव झाला, त्याची हळहळ नागपूरच्या महाल भागात अजून जुन्या लोकांच्या बोलण्यात येते. पण त्या वेळच्या डलहौसीच्या टिपणात वाड्यापेक्षा शेताकडे जास्त लक्ष आहे. त्यानं सरळ लिहून ठेवलं की इंग्लंडच्या कारखानदारीची भरभराट ज्या मालाच्या खात्रीच्या पुरवठ्यावर टिकून आहे, तो मिळायला नागपूरचा ताबा उपयोगी पडेल. तो माल म्हणजे कापूस. आदल्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड घेतलं होतं. दोन्ही मिळून काळ्या मातीचा सलग पट्टा हाती आला.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात निघू लागलं. याच काळात मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सरकारनं कापसासाठी खास अधिकारी नेमला, कॉटन कमिशनर. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचं नाव. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली.

या रिव्हेट-कार्नॅकनं जी आशा लिहून ठेवली आहे ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रेल्वेमुळे विलायती कापड इथं इतकं स्वस्त येईल की देशी कापड मागं पडेल. मग इथं सुतासाठी खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि सूत कातण्यात, विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील, म्हणजे जंगल तोडून आणखी जमीन कापसाखाली आणता येईल. त्याच्या लिहिण्यात राग नाही, द्वेष नाही. सरकारी अहवालाच्या थंड भाषेत एक अधिकारी अख्ख्या जातीजमातींचा धंदा बदलायचा आराखडा मांडतो आहे आणि त्याला तो विकास वाटतो आहे.

रेल्वेचंही तसंच. ज्या कंपन्यांनी ती बांधली त्यांच्या भांडवलावर सरकारनं ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. कमी पडलं तर भरपाई इथल्या रयतेच्या महसुलातून. आणि भाड्याचे दर असे होते की बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून येणारा पक्का माल स्वस्तात जायचा, देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवलेला माल महाग पडायचा. ही तक्रार पुढे औद्योगिक आयोगापर्यंत गेली. रुळांनाही असा उतार देता येतो, कायद्याचं एक कलम न बदलता.

आता ती गिरणी. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि मुंबई सोडून नागपूर निवडलं. मुंबईत तेव्हा गिरण्या निघत होत्या, नागपूर म्हणजे कुठलं तरी आडगाव. पण कापूस इथं दारात होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, रेल्वे आली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून इमारत उभी राहिली. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, मिल सुरू झाली आणि तिचं नाव ठेवलं एम्प्रेस. आपल्या घराघरातले आजोबा-पणजोबा त्या भोंग्यावर उठत. आज तिथल्या जागेवर एम्प्रेस नावाचा मॉल आहे.

मिल सुरू झाली त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लंडनच्या कॉमन्स सभेनं एक ठराव केला: हिंदुस्थानात सुती मालावर जी आयात जकात आहे ती इथल्या गिरण्यांना संरक्षण देणारी आहे, ती काढून टाकावी. जकात किती होती? ५ टक्क्यांच्या आसपास, तीही तिजोरी भरायला लावलेली. तरी लॅंकशायरचे, म्हणजे मॅंचेस्टरच्या भागातले, गिरणीमालक तीन-चार वर्षं शिष्टमंडळं घेऊन मंत्र्यांच्या दारात उभे होते. त्यांना मतं होती, लंडनमध्ये खासदार होते. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटननं आपल्याच कौन्सिलचं बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता, अफगाण युद्ध चालू होतं, तिजोरीत खडखडाट होता, तरीही. १८८२ मध्ये उरलेली सुती जकातही गेली.

बारा वर्षांनी पैसा कमी पडला. चांदी घसरली, रुपया घसरला, आणि विलायतेला दरवर्षी पौंडांत पाठवायचा खर्च, म्हणजे पेन्शनी, कर्जाचं व्याज, रेल्वेची हमी, रुपयांत मोजताना फुगत गेला. १८९४ मध्ये आयात जकात परत आणावी लागली. सुती मालावर ५ टक्के. लॅंकशायरनं पुन्हा आरडाओरडा केला, म्हणून तोड निघाली: आयातीवर ५ टक्के, तर इथल्या गिरणीच्या वीस नंबरच्या वरच्या सुतावरही ५ टक्के एक्साइज, म्हणजे इथंच तयार झालेल्या मालावरचा कर.

हे वीस नंबर काय, ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. मला ते नागपूरच्या तांडापेठेत एका कोष्टी काकांनी समजावलं. चाळीस वर्षं खड्डामागावर नागपुरी लुगडी विणलेला माणूस. माग निघाला, खड्डा बुजवून वर फरशी टाकली, पण फरशीचा रंग तेवढ्या जागी वेगळा आहे. त्यांनी डब्यातून सुताच्या दोन कांड्या काढल्या, दोन्हींचे दोरे माझ्या तर्जनीवर ठेवले.

"डोये मिट. आता सांग, जाड कोणता?"

एक कळत होता. थोडा खरबरीत, दाबला तर दबत होता. दुसरा बोटावर आहे की नाही तेच समजेना.

"कयते ते वीसचं. नाही कयत ते ऐंशीचं," काका म्हणाले. "आपल्या इकडच्या जुन्या कापसाचा धागा आखूड. त्याचं वीस निघते, पंचवीस निघते. लई ताणलं का तुटते. ऐंशीले लांब धाग्याचाच कापूस लागते."

पुस्तकी व्याख्या अशी: एक पौंड वजनाच्या सुतात ८४० वारांच्या किती लडी निघतात, तो आकडा म्हणजे काउंट, आपल्याकडचा नंबर. वीस लडी निघाल्या तर वीस नंबर. ऐंशी निघाल्या तर तेवढ्याच वजनात चौपट लांब, म्हणून तेवढं बारीक.

यावरून बाजार आपोआप वाटला गेला होता. एम्प्रेससारख्या मिलचं कापड मुख्यतः जाडंभरडं. शेतकरी, मजूर, हमाल यांची धोतरं, पासोड्या, लुगडी. लॅंकशायरचं बारीक मलमल, पांढरपेशांचं धोतर. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे फारसं जात नव्हतं. म्हणून १८९४ च्या कायद्यात वीस नंबरची रेघ मारली होती: जिथं सामना होऊ शकतो तिथं एक्साइज, खालच्याला माफी.

लॅंकशायरला तेवढंही पुरलं नाही. त्यांचं म्हणणं, जाडं कापड करमुक्त राहिलं तर ते स्वस्त पडेल आणि लोक बारीक सोडून जाड्याकडे वळतील. १८९६ मध्ये कायदा बदलला. सुतावरची जकात दोन्हीकडून गेली. विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात, आणि हिंदुस्थानातल्या गिरणीत विणलेल्या प्रत्येक कापडावर, जाडं असो की बारीक, साडेतीन टक्के एक्साइज.

कागदावर हे किती निर्मळ दिसतं पाहा. त्यांना साडेतीन, आम्हाला साडेतीन. आता आण्यांत मोजू. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. मिलच्या दारात एक रुपया किंमत असलेल्या जाड्या धोतरजोडीवर काल काही कर नव्हता. आज साडेसहा पैंहून जास्त, म्हणजे अर्ध्या आण्याच्या वर. बंदरात एक रुपया किंमत असलेल्या विलायती बारीक कापडावर काल साडेनऊ पै होते. आज तेही साडेसहा झाले. बारीक नेसणाऱ्याचा कर उतरला, जाडं नेसणाऱ्यावर नवा बसला. आणि ते साल १८९६. त्याच साली पाऊस गेला, १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला, तीन वर्षांनी त्याहून मोठा पडला. ज्या माणसाला जोंधळा मिळत नव्हता त्याच्या अंगावरच्या जाड्याभरड्यावर हा अर्धा आणा होता.

"दोघांना सारखाच कर, मग अन्याय कसा?" हा प्रश्न मला शिकलेली माणसं आजही विचारतात. मी त्यांना विचारतो, जगातलं कोणतं सरकार दुसऱ्या देशाच्या गिरणीला बरोबरी करता यावी म्हणून आपल्या गिरणीवर कर लावतं? आयात जकातीचा कणभर फायदासुद्धा नागपूरच्या मिलला मिळू नये, एवढ्यासाठी हा एक्साइज होता. आणि तो ठरवताना मिल चालवणाऱ्याला, मिलमधल्या मजुराला, धोतर नेसणाऱ्याला, कोणालाही मत नव्हतं. बोस्टनचा सवाल तो हाच.

जमशेटजी गप्प बसणारे नव्हते. बारीक सुतात उतरायचं तर लांब धाग्याचा कापूस इथंच पिकला पाहिजे, म्हणून त्यांनी इजिप्तचा कापूस हिंदुस्थानात लावायचा आग्रह धरला, त्यावर टिपण छापून वाटलं. म्हणजे लॅंकशायरची भीती अगदीच खोटी नव्हती. आज ना उद्या इथली मिल वीस नंबरची रेघ ओलांडणार होती.

साडेतीन टक्क्यांचा हा कायदा तीस वर्षं राहिला. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानच्या नावानं १० कोटी पौंडांची देणगी दिली गेली, तिची सोय लावताना कापडावरची आयात जकात साडेसात टक्क्यांवर नेली आणि एक्साइज साडेतीनवरच राहू दिला. लॅंकशायर तेव्हाही चिडलं. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, असहकाराच्या ठरावावर इथं शिक्कामोर्तब झालं आणि विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. ज्यांना खादी म्हणजे नुसता साधेपणा वाटतो, त्यांनी वरचा पैंचा हिशोब एकदा करून पाहावा. ज्या कोष्टकात आम्हाला मत नाही त्या कोष्टकाबाहेरचं कापड नेसायचं, असा त्याचा सरळ अर्थ होता. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरात झाला आणि त्या झेंड्यावर चरखा होता.

डिसेंबर १९२५ मध्ये एक्साइज थांबवला, १९२६ मध्ये रद्द केला. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, रुपयाचा दर कायद्यानं पक्का झाला: एक रुपया बरोबर १ शिलिंग ६ पेन्स. युद्धाआधी तो १ शिलिंग ४ पेन्स होता. दोन पेन्स ऐकायला किरकोळ वाटतात. पण जुन्या दरानं एक पौंडाचा विलायती माल इथं १५ रुपयांना पडायचा. नव्या दरानं १३ रुपये ५ आणे ४ पै. साडेतीन टक्क्यांचं ओझं उतरलं, आणि समोरच्याचा माल अकरा टक्क्यांनी स्वस्त झाला. मुंबईच्या गिरणीमालकांनी जीव तोडून विरोध केला, उपयोग झाला नाही. जकात निदान कोष्टकात दिसते. हुंडणावळीचा दर सामान्य माणसाला दिसतच नाही, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो. १९३० मध्ये जकात वाढली तेव्हाही विलायती कापडाला १५ टक्के आणि इतर देशांच्या कापडाला २० टक्के असा आपपर भाव ठेवलाच होता.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते ऐकत होते आणि वीस नंबरचा दोरा परत कांडीवर गुंडाळत होते. एक्साइज फक्त गिरणीच्या कापडावर होता, हातमागाला माफ होता, सुतावरची जकातही उठली होती, हे ऐकून त्यांनी हात थांबवला.

"म्हणजे आमच्या आजाले सूत सस्त भेटलं, टॅक्सबी नव्हता. मग आमचं धोतर कामून नाही चाललं?"

मला आधी उत्तर सुचलं नाही. साध्या धोतरात मिल स्वस्त पडायची, हे एक. कोष्टी टिकले ते रेशीमकाठी लुगड्यांवर, धोतरांवर, जिथं मिलच्या यंत्राला तशी किनार जमत नव्हती. पण मोठं कारण गिऱ्हाईक. त्यांच्या आजाचं धोतर घेणारा कोण, तर वर्धा-हिंगणघाटचा कापूसवाला. अमेरिकेचं युद्ध १८६५ मध्ये संपलं, लिव्हरपूलनं अमेरिकेकडे तोंड फिरवलं, भाव कोसळले, आणि भाव चढता असताना सावकाराकडून घेतलेलं कर्ज तसंच राहिलं. पुढे कापूस जपानला, युरोपला गेला, पण भाव बाहेरच ठरत राहिला. त्याच्याकडे पैसे असले तर लग्नाला रेशीमकाठी धोतर, नसले तर जुन्यालाच ठिगळ.

"म्हणजे त्याच्याच पऱ्हाटीचं सारं," काका म्हणाले. उरलेला वीतभर दोरा त्यांनी दातांनी तोडला नाही, गुंडाळून टोक कांडीच्या खाचेत अडकवलं आणि डबा बंद केला.